लाइनवर स्टूल असतं का?

भरतीच्या टेबलामागे मी काही वर्षं काढली आहेत. त्या काळात मला विचारला गेलेला सगळ्यात नेमका प्रश्न पॅकिंगच्या कामासाठी आलेल्या एका बाईंचा होता. माझं ठरलेलं सगळं विचारून झालं होतं. शिक्षण किती, आधी कुठे होता, ते का सोडलं, रात्रपाळी चालेल का, घरी लहान मूल आहे का. (हा शेवटचा प्रश्न मी विचारायला नको होता. पण तो फॉर्मवर छापलेला होता, आणि फॉर्मवर छापलेलं सगळं रास्तच असतं असं मला तेव्हा वाटे.) मग सवयीनं म्हटलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" यावर बहुतेक जण मान हलवून उठतात. त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, लाइनवर बसायला स्टूल असतं का? की पूर्ण पाळी उभ्यानंच?"

मला माहीत नव्हतं. खरं तर असायला हवं होतं, कारण टेबलामागे येण्याआधी दुसऱ्या एका कारखान्यात मी स्वतः अडीच वर्षं लाइनवर उभा होतो आणि पाळी सुटताना टाचा कशा ठणकतात हे मला पाठ होतं. पण खुर्ची मिळाली की स्टूल विसरायला होतं. "आमच्याकडे वातावरण चांगलं आहे," असं काहीतरी मी पुटपुटलो. बाईंनी ऐकून घेतलं, फॉर्मवर सही केली, आणि दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे मी लिहिलं, 'इच्छुक नाही.'

इच्छा नसती तर दोन बस बदलून त्या आल्याच नसत्या. त्यांनी आमची मुलाखत घेतली होती आणि एका साध्या प्रश्नाला आम्ही नापास झालो होतो.

जोडणी, पॅकिंग, लेबलं लावणं, शिलाई, मालाची तपासणी, गोदामात ऑर्डरी गोळा करणं, या कामांना मिळून हलका उद्योग म्हणतात. या क्षेत्रातल्या मालकांची एकच ओरड असते: माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत. पाठोपाठ निदानही तयार असतं. लोकांना कष्ट नकोत, निष्ठा राहिली नाही, चार पैसे जास्त दिसले की पळतात. हे निदान मला चुकीचं वाटतं, आणि आळशीही. हा कामगार मालकाची पारख फार बारकाईनं करतो. मात्र त्यासाठी लागणारी माहिती त्याला आधी कोणीच देत नाही, म्हणून पारख करायलाच त्याला नोकरी धरावी लागते. आपण ज्याला 'टिकत नाहीत' म्हणतो तो पुष्कळदा त्या पारखीचा निकाल असतो. ही माहिती कामाला लागण्याआधी आणि लेखी देणं हे मालकावर आणि कंत्राटदारावर कायद्यानं बंधनकारक असलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

आधी 'हलका' या शब्दाचा समाचार घेऊ. हलका असतो तो माल. हलकी असते यंत्रसामग्री, पोलाद कारखान्याच्या किंवा जहाजबांधणीच्या मानानं. काम करणाऱ्याच्या खांद्याला हे वर्गीकरण कळत नाही. दर सहा सेकंदांना एक पाकीट बंद करायचं असेल तर तासाला ६०० आणि आठ तासांत ४,८०० वेळा मनगटाला तोच झटका. नऊ किलोचा खोका मिनिटाला चार वेळा पट्ट्यावरून उचलून पॅलेटवर रचायचा असेल तर तासाला दोन टनांच्या वर वजन हातांतून जातं. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेनं, म्हणजे नायॉशनं, १९९१ मध्ये वजन उचलण्याचं सूत्र सुधारलं. त्यात कमाल आकडा २३ किलोचा आहे, पण तो सगळं मनासारखं असताना: ओझं अंगालगत, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, वळावं न लागता, आणि क्वचितच उचलायचं. यातलं काही बिघडलं की आकडा झपाट्यानं खाली येतो. म्हणून जाहिरातीत 'हलकं काम' वाचलं की मुरलेला माणूस वजन विचारत नाही. मिनिटाला किती, ते विचारतो.

हे विचारायचं असतं हे मला अण्णांनी शिकवलं. माझ्या पहिल्या लाइनवर ते सगळ्यात जुने होते. सात कारखाने फिरलेला माणूस. त्यांचा पहिला नियम असा की नोकरी मागायला सकाळी जायचं नाही, पाळी सुटायच्या वेळी जायचं आणि गेटसमोर अर्धा तास नुसतं उभं राहायचं. बाहेर पडणाऱ्यांकडे बघायचं. बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली आहे का. बूट एकसारखे, म्हणजे कंपनीनं दिलेले आहेत, की ज्याच्या त्याच्या घरच्या चपला आहेत. झडतीची रांग किती लांब आहे, आणि ती पंचिंगच्या आधी लागते की नंतर, कारण नंतर लागत असेल तर ती वीस मिनिटं कामगाराच्या खिशातली. आणि वयं बघायची. "सगळे विशीतलेच दिसले ना, तर समज, इथे तिशी कोणी गाठत नाही," असं ते म्हणत.

गेटवरच्या 'त्वरित पाहिजेत' या फलकाचंही त्यांचं एक शास्त्र होतं. कागद चिकटवलेला असेल तर खरंच माणूस हवा आहे. पत्र्यावर ऑइलपेंटनं रंगवलेला असेल तर माणसं जाणं हीच तिथली कायमची व्यवस्था आहे. गेटवरच्या वॉचमनला काही विचारू नये, तो स्वतःच कंत्राटी असतो आणि नोकरी सांभाळून बोलतो. विचारावं माल न्यायला आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला. तो दहा कारखान्यांच्या फलाटांवर ताटकळलेला असतो, कोण कोणावर कसं ओरडतं हे त्यानं ऐकलेलं असतं, आणि खरं सांगितल्यानं त्याचं काही बिघडत नाही. मी नंतर व्यवस्थापनाची पुस्तकं वाचली, मालकाची प्रतिमा, ब्रँड वगैरे. त्या सगळ्यात ट्रक ड्रायव्हर कुठेच भेटला नाही.

आत पाऊल टाकायला मिळालं तर बघायच्या गोष्टी वेगळ्या. काही प्रेसना दोन बटणं असतात, लांब लांब बसवलेली. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात साच्यात सापडायची भीती नाही. त्यातल्या एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली दिसली तर पुढचं काही विचारायची गरज नसते. पाचर कामगारानंच ठोकलेली असते, हे खरं. व्यवस्थापन चौकशीत तेच सांगतं. पण दोन्ही हातांनी तेवढे नग निघत नाहीत म्हणून ती ठोकलेली असते, आणि रोज तिच्यासमोरून जाणाऱ्या सुपरवायझरला ती दिसत नसते. प्रथमोपचाराच्या पेटीबद्दल अण्णांचं मत पहिल्यांदा ऐकताना मला उफराटं वाटलं होतं. पेटी रिकामी असेल तर वाईटच. पण गच्च भरलेली आणि वर धूळ बसलेली असेल तर त्याहून वाईट. अपघात होतच नाहीत असं कुठे नसतं. पट्टी मागितली की नोंद होते आणि नोंद कोणालाच नको असते, म्हणून धूळ. मी तेव्हा हसलो होतो. टेबलामागे गेल्यावर, महिनाअखेरीला 'शून्य अपघात' असा फलक रंगवून घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा हसू आलं नाही.

हे सगळं बाहेरचं वाचन. आतलं खरं फक्त आतला माणूस सांगतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक प्रसिद्ध निष्कर्ष मांडला, की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण जिवलगांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. त्यांनी अभ्यासलेले लोक तांत्रिक आणि व्यवस्थापकीय कामं करणारे होते. लाइनवरच्या कामात मला थोडं वेगळं दिसलं. जागा आहे ही खबर कोणाकडूनही येते, अगदी भिंतीवरूनही. पण जागा कशी आहे हे फक्त मावसभाऊ सांगतो, किंवा शेजारीण. आणि हा एकमेव स्वच्छ झराही आपण गढूळ करून ठेवला आहे. 'माणूस आणा, बक्षीस मिळवा' ही योजना आता सर्रास चालते. ते बक्षीस मी स्वतः वाटलं आहे. नवा माणूस महिनाभर टिकला की आणणाऱ्याला पैसे. त्यामुळे मावसभाऊ महिनाभर गोड बोलतो. हल्ली मुलंच सरळ विचारतात, "दादा, माझे तुला किती मिळणार?" आणि आकडा कळला की मग त्याच्या शिफारशीतून तेवढं वजा करून ऐकतात.

पगाराकडे येऊ. मालकांची समजूत अशी की कामगाराला फक्त दर दिसतो. उलट आहे. जाहिरातीतल्या दरावर त्याचा सगळ्यात कमी विश्वास असतो, कारण त्या आकड्यापुढचा 'पर्यंत' हा शब्द तो आधी वाचतो. त्या 'पर्यंत'मध्ये ओव्हरटाइम धरलेला असतो, महिन्यात एक खाडा झाला की पुसला जाणारा हजेरी भत्ता धरलेला असतो, आणि गणवेशाचे, बसचे, कधी एजन्सीचे कापले जाणारे पैसे धरलेले नसतात.

या बाबतीत हेन्री फोर्ड यांच्या कंपनीची गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते. १९१३ मध्ये फिरत्या पट्ट्यावरची जोडणी सुरू झाली आणि तिथली माणसं भराभर निघून जाऊ लागली. त्या वर्षी हे प्रमाण ३७० टक्क्यांवर पोचलं. साधारण १४,००० जणांचा ताफा राखायला वर्षभरात ५२,००० च्या वर माणसं घ्यावी लागली. मग ५ जानेवारी १९१४ रोजी कंपनीनं दिवसाला पाच डॉलर आणि नऊऐवजी आठ तासांची पाळी जाहीर केली. गळती थांबली, ही गोष्ट खरी. पण त्या पाच डॉलरांतला जवळपास निम्मा भाग 'नफ्यातला वाटा' होता आणि त्याला अटी होत्या. कंपनीच्या समाजशास्त्र विभागाचे तपासनीस घरी येऊन बघत, की माणूस दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का, बचत करतो का. सुरुवातीला स्त्रियांना तो दर लागूही नव्हता. थोडक्यात, तेही 'पाच डॉलरपर्यंत'च होतं. शंभर वर्षांत जाहिरातीची ही कला फारशी बदललेली नाही.

जाणता उमेदवार दोन प्रश्न विचारतो. हातात किती येतात? आणि कोणत्या तारखेला? दुसरा प्रश्न मला पहिल्याहून मोठा वाटतो. पगार दहा दिवस उशिरा देणारा मालक ते दहा दिवस कामगाराच्या पैशावर बिनव्याजी धंदा करत असतो. आणि जिथे पहिल्या महिन्याचा पगार 'मागे ठेवतात' तिथे तर कामगार तारण ठेवल्यासारखा अडकतो, सोडून जायचं म्हटलं तर आधी तो पैसा सोडवावा लागतो.

त्यातही पारख करायची कोणाची? या क्षेत्रातला मोठा हिस्सा एजन्सीच्या किंवा कंत्राटदाराच्या नावावर असतो. काम एक जण सांगतो, पगार दुसरा देतो. काही बिनसलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात मूळ तत्त्व स्पष्ट आहे, की खासगी रोजगार एजन्सीनं कामगाराकडून थेट किंवा आडून कोणतंही शुल्क घेऊ नये. 'आडून' हा शब्द घालणाऱ्याला हा धंदा माहीत असणार. नोंदणी फुकट असते. फोटोचे, तपासणीचे आणि ओळखपत्राचे पैसे होतात.

धोक्याची पारख मात्र गेटवर उभं राहून होत नाही. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये लिहिलं, की त्रासाच्या, घाणीच्या कामाला मजुरी जास्त मिळते, कारण त्याशिवाय माणूस तयार होणार नाही. यात एक गृहीतक दडलेलं आहे: माणसाला ते काम कसं आहे हे आधी माहीत असतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस किप व्हिस्कुसी या अर्थशास्त्रज्ञानं या गृहीतकावर बोट ठेवलं. धोका कळतो तो कामावर रुजू झाल्यावर, आणि कळला की माणसं काम सोडतात, असं त्यांनी मांडलं. म्हणजे ज्याला कारखानदार चंचलपणा म्हणतो त्यातला बराच भाग हे शिकणं असतं. गोंदाच्या वासानं तिसऱ्या दिवशी डोकं धरतं, हे मुलाखतीत कसं कळणार?

इथे माझ्याच युक्तिवादाला एक खिंडार आहे, ते लपवत नाही. माहिती असून भागत नाही. २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या राणा प्लाझा या इमारतीला तडे गेलेले दिसले. इमारतीतल्या बँकेनं आपली शाखा बंद ठेवली. शिलाई कारखान्यांतले कामगारही बाहेर आले होते, त्यांनाही तडे दिसत होते, त्यांची पारख बँकेच्या व्यवस्थापकाइतकीच अचूक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पगार कापला जाईल या धाकानं त्यांना आत जावं लागलं. इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं गेली. बँकेचा कर्मचारी आणि शिलाई कामगार यांच्यात फरक माहितीचा नव्हता, नाही म्हणण्याच्या ताकदीचा होता. जिवाला धोका आहे असं सकारण वाटून जो कामगार काम सोडून बाजूला होतो त्याला शिक्षा होऊ नये, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात लिहिलेलं आहे, आणि २०२२ पासून सुरक्षित कामाची जागा हा संघटनेनं मूलभूत हक्कांत धरला आहे. कागदावर.

पण त्याच दुर्घटनेनंतर आणखी एक गोष्ट झाली. मे २०१३ मध्ये कपड्यांच्या जागतिक कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात एक बंधनकारक करार झाला आणि त्याखाली तपासलेल्या कारखान्यांचे अहवाल, कुठे काय दोष आणि तो कधी दुरुस्त होणार यासह, जाहीर होऊ लागले. कारखान्याची कुंडली उघड करता येत नाही, व्यापारी गुपित फुटतं, हे ऐकत आलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं. एक हजाराहून अधिक कारखान्यांचे अहवाल जगानं वाचले, आणि शर्ट शिवले जातच राहिले.

तर, आजची व्यवस्था अशी आहे की कामगाराला कंपनी तपासायला पहिला महिना लागतो आणि तो महिना त्याच्या हिशेबात जातो. आधीची नोकरी सुटलेली असते. मधल्या दिवसांची मजुरी बुडालेली असते. अर्जात 'फक्त पाच आठवडे' अशी एक ओळ वाढते, आणि पुढच्या टेबलामागचा माझ्यासारखा कोणी ती बघून भुवई उंचावतो. कंपनीला मात्र या चाचणीतून काहीच कळत नाही, कारण जाणारा माणूस बोलत नाही. आमच्याकडे राजीनाम्याच्या फॉर्मवर 'सोडण्याचे कारण' अशी रेघ होती. मी एकदा दोन वर्षांचा गठ्ठा काढून बसलो. जवळपास प्रत्येक फॉर्मवर 'घरगुती कारण'. पॅकिंगच्या एकाच लाइनवर चार महिन्यांत अकरा जणांच्या घरी काहीतरी झालं होतं. त्या लाइनचा सुपरवायझर कोण हे मला बघावंसुद्धा लागलं नाही. ते खरं का लिहीत नाहीत? कारण शेवटचा हिशेब अजून मिळायचा असतो, आणि उद्या दुसरीकडे गेल्यावर तिथला माणूस फोन करून इथेच विचारणार असतो. आम्ही त्यांच्याबद्दल आधीच्या मालकाला विचारतो. त्यांनी आमच्याबद्दल आधीच्या कामगाराला विचारायची सोय मात्र कोणी केलेली नाही.

ती सोय अशक्य नाही, तुकड्यातुकड्यांनी ती जगात झालेलीही आहे. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२० पासून एजन्सीला कामगाराशी अटी ठरवण्याआधी एक छोटा माहितीपत्रक द्यावा लागतो. त्यात किमान दर, पगार कधी, कापणार काय काय, आणि सगळं जाऊन हातात किती उरेल याचं एक उदाहरण. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून मोठ्या गोदामांच्या मालकांना कामाचा कोटा लेखी सांगावा लागतो, आणि विश्रांती किंवा स्वच्छतागृहात जाणं अशक्य होईल असा कोटा लावता येत नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार उमेदवाराला सुरुवातीचा पगार किंवा त्याची कक्षा आधी सांगावी लागते आणि 'आधी किती मिळत होते' हे विचारता येत नाही. मला यातली ब्रिटनची कल्पना सगळ्यात आवडते, ती भपकेदार नाही म्हणून. हातात किती उरेल याचं उदाहरण. बस.

मी तो कागद थोडा वाढवीन. मिनिटाला किती नग. उभ्यानं की बसून. (त्या बाई गेल्यावर मी जाऊन मोजलं होतं. लाइनवर ३४ जागा आणि नऊ स्टुलं, त्यातल्या दोनांवर सुपरवायझरची रजिस्टरं.) गेल्या वर्षी सक्तीचा ओव्हरटाइम किती दिवस होता. अपघातांच्या नोंदी किती. पगार झालेल्या शेवटच्या बारा तारखा. आणि वर्षभरात किती जण आले, त्यातले किती आज आहेत.

मालक खोटं लिहितील, असं म्हणतात. काही लिहितीलच. पण लेखी खोटं पकडता येतं, 'वातावरण चांगलं आहे' हे पकडता येत नाही. मी ते वाक्य किती जणांना ऐकवलं असेल. कोणीही माझं काहीही वाकडं करू शकलं नसतं.

लहान कारखानदाराचं काय, हा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. पंधरा माणसांच्या शेडमध्ये वेगळा कागद कोण तयार करणार? पण सध्याच्या अंधाराचा सगळ्यात मोठा तोटा त्यालाच आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की चांगली गाडी आणि खटारा यांतला फरक घेणाऱ्याला कळत नसेल तर तो दोन्हींना सारखाच कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. वेळेवर पगार देणारा, मशीनचे गार्ड जागेवर ठेवणारा छोटा कारखानदार हे सिद्ध कसं करणार? जाहिरातीत 'वातावरण चांगलं' तोही लिहितो आणि पाचरवालाही लिहितो. उमेदवार दोघांकडेही सारख्याच संशयानं बघतो. बारा तारखांची एक ओळ त्या छोट्या माणसाला फुकटात वेगळं काढेल. तयार करायला त्याला एक संध्याकाळ लागेल, कारण पंधरा जणांचा हिशेब त्याच्या खिशातल्या डायरीतच असतो.

आणि तो जुना मुद्दा, की गरजवंताला अक्कल नसते, त्याला मिळेल ते काम धरावं लागतं, पारख वगैरे चोचले पोट भरलेल्यांचे. ज्या भागात एकच कारखाना आहे तिथे कागदानं फार फरक पडणार नाही, हे मान्य. तिथे निरीक्षक आणि युनियनच लागते. पण गरजेनं माणूस आंधळा होत नाही. घाई होते त्याला. हाताशी तीन दिवसांचेच पैसे असलेला माणूस चुकीच्या कारखान्यात महिना घालवू शकत नाही. त्याची पारख सगळ्यात कडक असते. गेटसमोर अर्धा तास उभं राहायची युक्ती अण्णांना हौस म्हणून सुचली नव्हती.

मी सुचवलेल्या कागदावरचा शेवटचा आकडा, किती आले आणि किती उरले, हा कोणत्याही टाइम ऑफिसात पडून असतो. फोर्ड यांच्या कंपनीला तो १९१३ मध्ये माहीत होता. आमच्याकडे तो काढायला मला हजेरीची रजिस्टरं घेऊन पाऊण तास लागला. पॅकिंगसाठी त्या वर्षी घेतलेल्या माणसांपैकी पाचातला एक उरला होता. जाहिरातीत हा आकडा टाकू या, असं मी म्हणणारही नव्हतो. निदान मुलाखतीत विचारलं तर सांगू द्या, एवढीच परवानगी मागायला गेलो होतो. साहेबांनी कागद नीट वाचला, दोनदा वाचला, "बरोबर आहे का हे?" असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला, किल्ली फिरवली, आणि उद्याच्या पाळीला किती माणसं कमी पडताहेत ते विचारलं.